ताईची भूक

वैद्यबाईंच्या दवाखान्यात पाऊल टाकलं की पहिला प्रश्न ठरलेला असे. कुणी गुडघा धरून आलेलं असो, कुणी केस गळतात म्हणून, कुणी झोप येत नाही म्हणून, बाई समोरच्याला खुर्चीत बसू देत आणि विचारत, "भूक कशी आहे?"

"बाई, माझा गुडघा दुखतोय."

"ते कळलं. भूक कशी आहे?"

गुडघ्याचा आणि भुकेचा काय संबंध, हे माणसाच्या डोक्यात शिरेपर्यंत पुढचे प्रश्न येऊन आदळलेले असत. ढेकर स्वच्छ येतो की खाल्लेल्या अन्नाचा वास घेऊन येतो? सकाळी अंग हलकं असतं की अंथरुणाला चिकटून राहावंसं वाटतं? आणि मग, "जीभ दाखवा." बाहेर बाकांवर बसलेले लोक आपापसांत त्यांना अग्नीबाई म्हणत. बाईंना हे ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं.

त्यांचं सगळं शास्त्र पोटातल्या विस्तवाभोवती फिरे. तो नीट असला तर साध्या भाताचंही रक्त होतं, हाड होतं, डोळ्यांतलं तेज होतं. तो मंदावला की दूधतूपही आतल्या आत कुजतं आणि त्याचा चिकटा अंगभर फिरून जागा मिळेल तिथे बसतो. कुणाच्या सांध्यात, कुणाच्या छातीत, कुणाच्या कातडीवर. या चिकट्याला त्या आम म्हणत. कुणाला सांगत, "तुमचा अग्नी विषम आहे, आज पेटतो, उद्या विझतो." कुणाला, "तुमचा तीक्ष्ण. सगळं जाळतोय, तुमच्या बायकोचं डोकंसुद्धा." स्वतःच्या नवऱ्याबद्दल कुणी विचारलं की म्हणत, "यांचा अग्नी नाही, भट्टी आहे." पण त्यांचा खरा शत्रू मंद अग्नी. तो आपल्याला माणसाच्या पायऱ्या चढण्यावरून ओळखू येतो, असं त्या सांगत, आणि बहुतेक वेळा ते खरं निघे. विस्तव विझत आला असताना वर मोठी लाकडं रचत नाहीत, आधी राख काढायची, फुंकर घालायची, मग बारीक काटक्या. म्हणून आधी लंघन, मग पातळ पेज, मग दाट पेज, मग भात. या वाटेने त्यांनी कितीतरी लोकांना पुन्हा ताटावर बसवलं होतं.

घराची पुढची खोली म्हणजे दवाखाना. मागे स्वयंपाकघर आणि मध्ये एक पडदा. बाईंचा आवाज खणखणीत. त्या एका पेशंटशी बोलत ते सगळ्या बाकांना ऐकू जाई आणि पडद्यापलीकडेही.

पडद्यापलीकडे आता ताई असे.

ताई म्हणजे बाईंची मोठी बहीण, बरीच मोठी. आई लवकर गेली तेव्हा धाकटीला ताईनेच वाढवलं. ही पोर घासाला तोंडच उघडत नसे, म्हणून ताई तिला चिमणी म्हणायची आणि एक एक शीत भरवत मागे मागे फिरायची. पुढे ताईने जन्म काढला तो कापडाच्या मोठ्या दुकानात, विक्रीच्या फळीमागे. तागा एका झटक्यात उलगडायची आणि अशी हसायची की बघायला आलेलं गिऱ्हाईक घेऊन जायचं. नवरा वारल्यावर काही वर्षं ती दूरच्या शहरात एकटीच राहिली. फोनवर तिचा आवाज बारीक व्हायला लागला, तेव्हा बाई स्वतः जाऊन तिला घेऊन आल्या.

"आता पुरे झालं एकटीचं. माझ्याकडे राहा, मी तुला ठणठणीत करते."

"तू आता मोठी वैद्य झालीस. तुझ्यापुढे माझं काय चालणार?" ताई म्हणाली, आणि तिच्या सुरात अभिमान होता.

पहिल्या दिवसापासून बाईंच्या लक्षात आलं, की ताई ताटातलं चिवडत बसते. पोळीचा तुकडा मोडते, बोटांत घोळवते, आमटीत टाकते आणि तिथेच ठेवते. घास तोंडात गेला तर एका गालात धरून बसते.

"काय गं, होत नाही स्वयंपाक चांगला?"

"चांगला आहे गं. भूक नाही, चिमणे."

बाईंना एवढंच पुरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ताईला खिडकीपाशी उजेडात बसवलं. जिभेवर पांढरा थर, तोंडाला वास, पोट साफ नाही, दुपारची मरगळ. एकही खूण चुकत नव्हती. पुस्तकात काढून ठेवावा असा मंद अग्नी, आणि तोही आपल्याच घरात! बाईंना वाईट वाटलं. पण खरं सांगायचं तर थोडी खुशीही झाली. आयुष्यभर जिने आपल्याला दिलं, तिला द्यायला आपल्याकडे शेवटी काहीतरी होतं.

पथ्य सुरू झालं. आधी कोमट पाण्यावर ठेवणं, मग तांदळाची पातळ पेज. जेवणाआधी आल्याचा तुकडा, सैंधव लावलेला.

"चावून खा हं, गिळू नकोस. रस जिभेवर उतरला पाहिजे."

ताई आलं तोंडात घाली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येई.

"झोंबतंय ना? झोंबतंय म्हणजे काम करतंय," बाई म्हणत.

दिवस गेले. जिभेचा थर जाईना, उलट वाढलाच. बाईंनी पेज आणखी पातळ केली. ताईचे गाल बसायला लागले, कपडे अंगावर लोंबू लागले. बाईंचा नवरा जमीन मोजणीच्या नोकरीतून निवृत्त झालेला गृहस्थ. जेवायचा अपवाद सोडला तर घरात सहसा तोंड उघडत नसे. तो एकदा म्हणाला, "अगं, ताई वाळत चालल्यात."

"आम सुटतोय. आधी माणूस वाळतंच."

"नाही, मला आपलं वाटलं, थोडं काही खायला..."

"तुमचं ऐकलं असतं तर अख्खं गाव माझ्या दारात आलं असतं."

"ते तसंही आलंय," तो म्हणाला आणि आपलं ताट उचलून गेला.

बाईंना ताईचा अभिमानही वाटत होता, हीच खरी अडचण. इतकं कडक पथ्य पाळणारं माणूस त्यांना आजवर मिळालं नव्हतं. बाकांवरचे लोक कुरकुर करायला लागले, की त्या पडद्याकडे वळून हाक मारत, "ताई, जरा बाहेर ये गं."

ताई केस सारखे करत येई. अजून तशीच ताठ उभी राही, दुकानात राहायची तशी.

"ही माझी सख्खी बहीण. वय बघा आणि पथ्य बघा. हूं की चूं नाही. ताई, जीभ दाखव यांना. हा थर पाहिलात? आता हळूहळू उतरेल." मग बाई आणखी रंगात येत. "आणि दात बघा हिचे! एक पडलेला नाही. जन्मभर चावून चावून खाल्लं, त्याचं हे फळ. नाहीतर तुम्ही, गिळता नुसतं."

बाकावर एक निवृत्त पोस्टमन असत, ते पुढे वाकून बघत आणि मान डोलवत. ताई ओठ मिटून हसे आणि पडद्यामागे जाई.

एका दुपारी दवाखान्यातलं गरम पाणी संपलं. बाई पातेलं घेऊन स्वयंपाकघरात गेल्या. ताई कोपऱ्यातल्या बुटक्या स्टुलावर, भिंतीकडे तोंड करून बसली होती. मांडीवर वाडगं, वाडग्यात गरम दुधात कुस्करलेला पाव. शेजारी पावाचं अख्खं पुडकं रिकामं पडलेलं. ताई इतक्या घाईने खात होती की चमचा आणि वाडगं एकमेकांवर आपटत होते.

"ताई! पथ्य!"

हे शब्द बाईंच्या तोंडून निघून गेले. दवाखान्यातल्या आवाजात, दवाखान्यातल्या जरबेने. नंतर त्यांना पुष्कळदा वाटलं, की निदान तो आवाज तरी आपण तिथे पडद्याबाहेर ठेवून यायला हवा होता.

ताई दचकून वळली, आणि बाईंना क्षणभर कळेना की ही कोण. चेहऱ्याचा खालचा अर्धा भाग आत ओढला गेला होता. ओठ नव्हतेच जणू. मग त्यांना ओट्यावरची वाटी दिसली. वाटीत पाणी, पाण्यात दातांच्या दोन ओळी. पांढऱ्याशुभ्र, एकही न पडलेल्या.

ताईने हात तोंडावर धरला. दुसऱ्या हाताने वाटी ओढून घेतली, पाठ केली आणि दात बसवले. खालची ओळ बसवताना तिच्या खांद्यातून कळ गेली, ती पाठमोरी असूनही बाईंना दिसली. तेवढं झाल्यावरच ती बोलली.

"पाणी हवंय का तुला? उकळून ठेवलंय."

"कधीपासून, ताई?"

"आमचे हे जिवंत होते तेव्हापासून. सगळेच काढावे लागले. तेव्हा छान बसली होती कवळी, दुकानातसुद्धा कुणाला कळलं नाही." तिने वाडगं मांडीवरून उचलून बाजूला ठेवलं. "आता हिरड्या झिजल्या. खालची डुगडुगते आणि घासते."

"मग मला सांगायचं नाही?"

"कधी सांगू? तू सगळ्यांना माझे दात दाखवत होतीस."

विचारू नये असं वाटत असताना त्यांनी विचारलंच, कारण दुसरा प्रश्न त्यांना येत नव्हता.

"आणि भूक?"

"भूक काय गं, रोज लागते. कडकडून लागते."

"मग नाही का म्हणायचीस?"

"आहे म्हटलं तर तू वाढशील. वाढलंस की चावावं लागेल." ताई थोडी हसली, ओठ मिटून. "तू पेज दिलीस तेव्हा म्हटलं सुटले. पण मेली ती पेज दिवसेंदिवस पातळच होत गेली."

बाईंनी तिला उजेडात बसवलं. खालची कवळी काढायला लावली. जिभेच्या कडेला, हिरडीवर, लालभडक जखम होती, काठ पांढरे पडलेले. याच तोंडात त्या इतके दिवस डोकावत होत्या. जीभ पाहत होत्या. जिभेच्या शेजारी काय आहे, हे त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं. त्या जखमेवर त्या रोज आलं आणि मीठ चोळत होत्या. आणि जिभेवरचा तो थर, तो तर उपाशी माणसाच्या जिभेवर येणारच होता. जे माणूस काही चावत नाही त्याची जीभ घासली तरी कशाने जाणार? खुणा सगळ्या खऱ्या होत्या. फक्त अर्ध्या बाईंनीच तयार केल्या होत्या.

दातांची डॉक्टर एक तरुण मुलगी होती. तिने जखम पाहिली आणि भुवया वर केल्या.

"आजी, असं तोंड घेऊन तुम्ही जेवत काय होतात?"

"पेज," ताई म्हणाली.

"नुसती पेज? इतके दिवस? वजन बघा तुमचं. कुणी सांगितलं हे करायला?"

बाई शेजारच्या खुर्चीत होत्या. आता बोलायला हवं, हे त्यांना कळत होतं. घसा साफही केला त्यांनी.

"कुणी नाही," ताई म्हणाली. "माझीच अक्कल. ही ओरडत होती मला, जेव म्हणून."

"बरोबरच आहे. ऐकायचं ना त्यांचं." मुलगी बाईंकडे वळली आणि तिचा चेहरा उजळला. "तुम्ही वैद्यबाई ना? माझी आई तुमचंच औषध घेते. देव मानते तुम्हाला."

बाई हसल्या. हसल्या, "बरं आहे का आता आईला?" असं विचारलं, आणि ताईची पिशवी उचलली. पेजेपेक्षाही हे हसू त्यांना जड गेलं. पेज निदान त्यांनी चांगल्या मनाने दिली होती.

नवी कवळी व्हायला वेळ लागणार होता, आधी जखम भरायला हवी होती. तोवर खालची घालायची नाही असं डॉक्टरने बजावलं. बाईंनी घरी सगळं मऊ शिजवायला सुरुवात केली. भात घोटलेला, भाज्या शिजवून चाळणीतून काढलेल्या, वर तुपाची धार. ताई ताट घेई आणि म्हणे, "ठेव तिथे, खाते मी." कुणी समोर असेतो ती घासाला हात लावत नसे.

शिकत असताना बाईंनी एक यादी पाठ केली होती: पथ्याचं अन्न मोजून मापून खाल्लं तरी कोणत्या मनाने खाल्लं तर ते पचत नाही. राग, लोभ, भीती, शोक. त्या रांगेत लाजही होती. पेशंटना सांगताना बाई बाकीची नावं घेत आणि लाज गाळत. लाजेने कुणाचं पोट बिघडत असेल असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं. आता स्वतःच्या पानावर बसलं की घास फिरायचा. भूक कशी आहे, असं त्यांना विचारणारं कुणी नव्हतं.

शेवटी त्यांनी ठरवलं, की हे असं पोटात ठेवून चालणार नाही. ज्या बाकांपुढे मिरवलं, त्याच बाकांपुढे सांगायचं. सकाळी दवाखाना भरला होता. पोस्टमन होते, केस गळणारी शिक्षिका होती, पुष्कळजण होते. बाई खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या.

"एक सांगायचंय. माझ्या बहिणीचा अग्नी मंद आहे असं मी तुम्हाला सांगत होते. ते खोटं होतं. तिला भूक होती. मी तिला उपाशी ठेवलं. तिचे दात खरे नाहीत, कवळी आहे, ती लागत होती, तोंडात जखम झाली होती. मी जीभ पाहिली आणि तोंड पाहिलं नाही. मी चुकले."

मग मागून कुणीतरी फिसकन हसलं, "म्हणजे ते दात...?" आणि दोघातिघांना हसू आवरेना. शिक्षिकेने त्यांना गप्प केलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"बाई, किती मोठं मन तुमचं! एवढ्या मोठ्या असून..."

"आजकाल कोण कबूल करतंय?" पोस्टमन म्हणाले. "डॉक्टर लोक तर कधीच नाही. म्हणून तर आम्ही इथे येतो."

"नाही, तसं नाही," बाई म्हणाल्या, "ऐका तरी..." पण कौतुक सुरू झालं होतं आणि त्याला थांबवता येईना. त्या शिक्षा घ्यायला उभ्या राहिल्या होत्या, आणि लोक त्यांच्या पदरात मान टाकत होते. पडद्यापलीकडे स्टूल सरकल्याचा आवाज झाला.

बाई आत गेल्या तेव्हा ताई ओट्याला टेकून उभी होती.

"झालं तुझं?" शब्द तिच्या तोंडातून मऊ, बिनकाठाचे येत होते, म्हणून ती हळू आणि नीट बोलत होती. "आधी जीभ दाखवायला लावलीस. आता दात दाखवलेस."

"ताई, मी खरं सांगितलं गं. माझ्याच्याने राहवेना."

"तुझं खरं सांग की. चुकले म्हण, दहा वेळा म्हण. त्यात माझं तोंड कशाला आणलंस?" तिने हात तोंडापुढे धरला. "डॉक्टरकडे मी तुझं झाकलं. माझं एवढं एक झाकायचं होतं, तेवढंही तुला जमलं नाही."

पडद्याबाहेर पोस्टमन कुणाला तरी सांगत होते, की बाईंसारखं माणूस मिळणं कठीण. दोघींनाही ते स्पष्ट ऐकू आलं. बाईंची मान वर होईना. माफ कर, असं म्हणावं तर तेही ताईकडून काहीतरी मागणंच झालं असतं.

त्यांनी बाहेर जाऊन पेशंट पाहिले. कुणी "ताईंचे दात आले का?" असं विचारलं, तर म्हणाल्या, "तुमचं सांगा," आणि पुढच्याला बोलावलं. मग दवाखाना लवकर बंद केला. भात घोटला, वाटीत वरण काढलं, ताट स्टुलापुढे ठेवलं. बाई बाहेर आल्या. पडद्याच्या मागे एक दार होतं, दवाखाना चालू झाल्यापासून सताड उघडं, भिंतीला लागलेलं. त्यांनी ते ओढलं. ते पहिल्यांदा अडलं, मग कुरकुरत बंद झालं. बाई दाराला पाठ लावून जमिनीवर बसल्या.

नवरा रिकामा तांब्या घेऊन आला. "हे दार का लावलंय? मला पाणी हवंय."

"थांबा. ताई जेवतेय."

"मग? मी काय तिच्या ताटातलं..."

"मग थांबा म्हटलं ना."

त्याने बायकोच्या तोंडाकडे पाहिलं, आणि तांब्या खाली ठेवून बाकावर जाऊन बसला. बऱ्याच वेळाने आतून चमचा ताटाला लागल्याचा आवाज आला, एकदा, थांबून पुन्हा. घाईचा नव्हता. बाई तो ऐकत राहिल्या आणि ऐकतोय याचीही त्यांना लाज वाटली, म्हणून त्यांनी रस्त्याकडे तोंड फिरवलं.

"मीठ कमी आहे," आतून ताई म्हणाली.

"आणू आत?"

आत चमचा पुन्हा ताटाला लागला.

"नको. उद्या घाल."